उंच बॉनेटची बाजू

जुनी जीप घरच्या अंगणात आणून स्वतःच्या हातानं पुन्हा चालती करणं हा छंद आता बड्या संग्राहकांपुरता उरलेला नाही. नोकरदार, शेतकरी, निवृत्त फौजी, अभियांत्रिकीचे विद्यार्थी असे सगळ्या थरांतले लोक त्यात उतरतात. सुटे भाग मिळतात, कारखान्याची जुनी मॅन्युअल मिळतात, जाणते मिस्त्रीही अजून आहेत. त्यामुळे काम कसं करायचं याची उत्तरं भरपूर आहेत. त्याआधीचा प्रश्न मात्र बहुतेक वेळा विचारलाच जात नाही: गाडी पूर्वरूपात आणायची, तर कुठल्या पूर्वरूपात? या प्रश्नावर आज ढोबळ तीन मतं दिसतात. एका मताप्रमाणे गाडी नव्याहून नवी दिसली पाहिजे. दुसऱ्या मताप्रमाणे ती कारखान्यातून निघाली तशी, नटबोल्टासकट, परत यायला हवी. तिसऱ्याचं म्हणणं सरळ आहे: ती चालली म्हणजे झालं. या तिन्ही मतांत तथ्य आहे आणि तिन्ही अपुरी आहेत. घरच्या दुरुस्तीनं त्या विशिष्ट गाडीचं स्वतःचं आयुष्य जपावं, उसनं रूप घेऊ नये, सुरक्षिततेला लागेल तेवढंच बदलावं आणि बदललेल्या प्रत्येक गोष्टीची नोंद ठेवावी, ही भूमिका मला सर्वांत टिकाऊ वाटते. तिला आधार जीपच्या इतिहासात आहे, तिच्या यंत्ररचनेत आहे आणि आपल्या मोटार कायद्यातही आहे.

इतिहासापासून सुरुवात करू. दुसऱ्या महायुद्धात विलीज कंपनीची एमबी आणि फोर्डची जीपीडब्ल्यू मिळून सहा लाखांहून अधिक जीप तयार झाल्या. आसाम-ब्रह्मदेश आघाडीवर आलेल्या त्यातल्या काही युद्धानंतर इथेच विकल्या गेल्या. १९४५ मध्ये स्थापन झालेली महिंद्रा अँड मोहम्मद ही कंपनी १९४८ मध्ये महिंद्रा अँड महिंद्रा झाली. तिनं १९४० च्या दशकातच मुंबईत माझगावला विलीजच्या जीप जुळवायला सुरुवात केली. पण आपल्या रस्त्यांवर जी जीप खऱ्या अर्थानं रुजली ती युद्धातली नव्हे. ती १९५३ मध्ये अमेरिकेत आलेली सीजे-३बी. तिचं बॉनेट आधीच्या जीपपेक्षा बरंच उंच असतं, आणि अनेकांना ते बेढब वाटतं. या उंचीमागे यांत्रिक कारण आहे. युद्धकाळातल्या इंजिनात दोन्ही व्हॉल्व ब्लॉकमध्ये बाजूला बसवलेले असत. नव्या 'हरिकेन' इंजिनात क्षमता तीच, सुमारे २.२ लिटरची राहिली, पण इनटेक व्हॉल्व वर हेडमध्ये गेला आणि एक्झॉस्ट व्हॉल्व ब्लॉकमध्येच राहिला. ताकद ६० अश्वशक्तीवरून सत्तरीच्या पुढे गेली आणि इंजिन उंच झालं. त्याला जागा द्यायची म्हणून बॉनेट वर उचललं गेलं. अमेरिकेत या मॉडेलचं उत्पादन १९६८ मध्ये थांबलं. जपानमध्ये मित्सुबिशीनं त्याच घराण्यातल्या गाड्या १९९८ पर्यंत बनवल्या, आणि भारतात उंच बॉनेटची जीप अमेरिकेनंतर कितीतरी दशकं तयार होत राहिली. म्हणजे अमेरिकेत जी एक टप्पा होती, ती आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्यांची जीप झाली.

तिचं आयुष्यही इथलं होतं. तहसीलदार, वनाधिकारी, पाटबंधाऱ्याचे अभियंते, साखर कारखान्यांचे शेती अधिकारी यांच्या दिमतीला ती होती. निवडणुकीत कर्णे लावून ती गावोगाव फिरली. पुढे तिच्याच घराण्यातल्या लांब चॅसीच्या गाड्या सातारा-सांगली-कोल्हापूरकडे वडाप म्हणून आणि विदर्भ-मराठवाड्यात काळी-पिवळी म्हणून माणसं वाहू लागल्या. पेट्रोल महाग आणि डिझेल स्वस्त असल्यानं इंजिनं बदलली. महिंद्रा कंपनीनं स्वतः ट्रॅक्टरच्या वंशातलं इंटरनॅशनलचं डिझेल इंजिन जीपमध्ये दिलं. १९८० च्या दशकात एमएम ५४० बरोबर प्यूजोचं २११२ सीसीचं एक्सडीपी ४.९० इंजिन आलं. कंपनीबाहेर गॅरेजांनीही आपल्या परीनं मॅटाडोरचं डिझेल इंजिन बसवण्यासारखे प्रयोग केले. म्हणून आज अंगणात उभी असलेली जीप क्वचितच एकाच वर्षाची असते. चॅसी एका दशकातली, इंजिन दुसऱ्या, बॉडीचा मागचा पत्रा तिसऱ्या. हा तिचा दोष नाही, तिचा दाखला आहे.

पहिल्या मताचा, म्हणजे नव्याहून नव्याचा, तोटा इथेच दिसतो. सध्याची सर्वांत लोकप्रिय रीत अशी: सीजे-३बी घ्यायची, उंच बॉनेट आणि पुढची जाळी काढून टाकायची, कमी उंचीच्या बॉनेटची तयार बॉडी बसवायची, फौजी हिरवा रंग मारायचा, बॉनेटवर पांढरा तारा काढायचा आणि तिला विलीज म्हणायचं. पंजाब-हरियाणा सीमेवरचं मंडी डबवाली अशा उघड्या जीप बांधण्यासाठी देशभर प्रसिद्ध आहे; तिथल्या कारागिरांचं पत्राकाम वाखाणण्याजोगंही असतं. आक्षेप येतो की मालकाला आवडेल ते रूप देण्याचा हक्क आहे, त्यात इतरांनी का पडावं? हक्क आहेच. पण या रीतीत एका खऱ्या भारतीय जीपचा बळी देऊन एका अमेरिकी युद्धजीपची नक्कल तयार होते, आणि ती नक्कल जाणकाराला पहिल्या नजरेत कळते. युद्धकाळातल्या एमबीच्या जाळीला नऊ खाचा असतात, नागरी सीजेला सात. चॅसीचा पुढचा आडवा दांडा, गिअरबॉक्स, मागचा एक्सल, सगळंच वेगळं. शिवाय केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२१ वा नियम संरक्षण खात्याखेरीज इतरांच्या गाड्यांना ऑलिव्ह ग्रीन रंग देण्यास मनाई करतो. हौसेनं मारलेला तो रंग नोंदणीच्या वेळी अडचण होऊ शकतो. सरकारी जीपचा करडा, पांढरा किंवा फिकट निळा रंग कुणी आवर्जून जपत नाही, आणि म्हणूनच तो दुर्मिळ होत चालला आहे.

दुसरं मत, कारखान्यातल्या मूळ रूपाचं, अधिक गंभीर आहे. जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघानं, फिवानं, २०१२ मध्ये स्वीकारलेली ट्युरिन सनद जतन, संवर्धन आणि पुनर्स्थापना यांत फरक करते, आणि आयुष्यभरात गाडीवर उमटलेल्या खुणा हाही तिच्या ऐतिहासिक मूल्याचा भाग मानते. गाडीची वापरातली झीज, तिच्या काळात झालेले बदल, हे सगळं पुसून तिला जन्माच्या दिवशी नेणं हा एकच मार्ग नाही, आणि बहुतेक वेळा तो सर्वांत चांगलाही नाही, हा त्या विचाराचा गाभा. आपल्याकडे तो नीट लागू केला तर प्रश्न असा विचारावा लागतो: हा बदल केव्हा झाला आणि का झाला? १९८६ मध्ये सांगलीकडच्या एखाद्या मालकानं धंद्यासाठी घातलेलं डिझेल इंजिन हा त्या भागाच्या अर्थव्यवस्थेचा पुरावा आहे. ते उपटून मूळ पेट्रोल इंजिन शोधायला निघणं म्हणजे तो पुरावा नष्ट करणं. याउलट दोन वर्षांपूर्वी शोभेसाठी लावलेले क्रोमचे बंपर आणि प्रचंड टायर खुशाल काढावेत. काळानं आणि गरजेनं केलेला बदल ठेवावा, फॅशननं केलेला काढावा. हा निकष सोपा आहे आणि घरी काम करणाऱ्याला पेलणारा आहे.

तिसऱ्या मताचा, चालती केली की पुरे, खरा कस यंत्रात लागतो. जीप कुठल्याही अवस्थेत चालते, ही तिची ख्याती, आणि तोच धोका. इंजिन सुरू झालं की माणूस रंगाकडे वळतो. कामाचा क्रम मात्र चॅसी, ब्रेक, स्टिअरिंग, मग इंजिन, वायरिंग आणि शेवटी रंग असाच असायला हवा. कोकणात समुद्राच्या खाऱ्या हवेत राहिलेल्या गाडीचा पत्रा वरून ठीक दिसतो आणि आतून गेलेला असतो. फ्लोअरखालच्या टोपीच्या आकाराच्या पन्हाळ्यांत पाणी आणि माती साठते. युद्धकाळातल्या जीपमध्ये तर त्यांत लाकडी ठोकळे बसवलेले होते, ते ओल धरून ठेवत. चॅसीच्या बंद भागांतही गंज आतून वाढतो. हातोडीनं हलके टोले मारत जावं. आवाज बोदा आला किंवा पत्रा आत गेला की तिथे पुट्टी चालणार नाही, सडका भाग कापून नवा जोडावाच लागेल. जाड पुट्टीवर चकचकीत रंग ही या छंदातली सर्वांत महागडी फसवणूक, कारण ती दोन पावसाळ्यांत उघडी पडते आणि तोवर आतलं पोलाद आणखी गेलेलं असतं.

ब्रेकची गोष्ट याहून निकडीची. या जीपना चारही चाकांवर ड्रम ब्रेक आणि एकाच सर्किटचा मास्टर सिलेंडर असतो. एका चाकाचा सिलेंडर गळला किंवा एक नळी फुटली की चारही ब्रेक एकदम जातात. म्हणून चारही व्हील सिलेंडर, रबरी होज आणि गंजलेल्या नळ्या बदलण्यात काटकसर नको, आणि ड्युअल सर्किटचा मास्टर सिलेंडर बसवणं हा माझ्या मते योग्य बदल आहे. तो चॅसी न कापता बसवावा आणि जुना भाग जपून ठेवावा, म्हणजे पुढच्या मालकाला परत फिरता येईल. मूळ रूपाचे आग्रही यावर आक्षेप घेतील. पण जी गाडी इतरांच्या रस्त्यावर जाणार, तिचा ब्रेक हा खासगी हौसेचा विषय राहत नाही. सीट बेल्टही याच न्यायानं लावावेत, पातळ पत्र्यात नव्हे तर मजबूत केलेल्या जागी. स्टिअरिंगमध्ये बॉक्स, मधला बेलक्रँक, टाय रॉड एंड आणि किंगपिनचे बेअरिंग अशी सगळी झीज एकत्र होते, आणि ठरावीक वेगाला पुढची चाकं जोरात थरथरू लागतात. डँपर लावून थरथर दाबणं हा इलाज नव्हे. बेअरिंग बदलून शिम घालून योग्य ताण देणं हा इलाज.

घरी काम करणाऱ्याला माहीत नसलेल्या काही गोष्टी मोठं नुकसान करतात. विलीज घराण्यातल्या कित्येक जुन्या गाड्यांत डाव्या बाजूच्या चाकांचे नट उलट्या आट्यांचे असतात. सवयीच्या दिशेनं जोर लावला की स्टड तुटतो. दुसरी अधिक महत्त्वाची. या गाड्यांच्या ट्रान्सफर केसमध्ये पुढच्या आणि मागच्या एक्सलच्या मध्ये डिफरन्शियल नसतं. फोर बाय फोर लावलं की दोन्ही शाफ्ट एकाच गतीनं फिरतात. मूळ युद्धजीपचं एक्सल गुणोत्तर ४.८८ होतं, नागरी सीजेचं ५.३८. भंगारातून मिळाला म्हणून एका गाडीचा एक्सल दुसरीला जोडला आणि गुणोत्तरं जुळली नाहीत, तर चिखलात पहिल्यांदा फोर बाय फोर घातल्यावर गिअर किंवा शाफ्ट तुटण्याची वेळ येते. उपाय विनाखर्चाचा आहे: कव्हर उघडून दात मोजायचे. ३९ आणि ८ असतील तर पहिलं गुणोत्तर, ४३ आणि ८ असतील तर दुसरं.

सगळंच घरी करण्याचा हट्टही योग्य नाही. उघडणं, धुणं, प्रत्येक भागाला चिठ्ठी लावून डब्यात ठेवणं, गंज काढणं, वायरिंग, ब्रेक, बेअरिंग, पाटे आणि शॅकल, जुळवणी, हूड आणि सीटचं काम, हे चिकाटी असलेला माणूस घरी उत्तम करतो. सिलेंडरचं बोअरिंग, क्रँक ग्राइंडिंग, ड्रम लेथवर फिरवणं, प्रॉपेलर शाफ्टचं बॅलन्सिंग, डिझेल पंपाचं कॅलिब्रेशन आणि वाकलेली चॅसी सरळ करणं ही कामं ज्यांच्याकडे यंत्रं आणि मापं आहेत त्यांचीच. आणि काही कामं घरी जिवावर बेततात. या जीपमध्ये पेट्रोलची टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली असते. ती गंजली म्हणून रिकामी करून वेल्डिंग करणं म्हणजे स्फोटाला आमंत्रण, कारण पेट्रोल गेलं तरी वाफ उरते. जुन्या ब्रेक लायनरमध्ये ॲसबेस्टॉस असतो, त्यामुळे ड्रममधली धूळ हवेच्या झोतानं उडवू नये, ओल्या फडक्यानं पुसावी. जुन्या रंगात शिसं असू शकतं. लहान मुलं वावरणाऱ्या घरात तो कोरडा घासू नये. गंज काढण्यासाठी धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात वीज सोडण्याची पद्धत उपयोगी आहे, पण स्टेनलेस स्टीलची पट्टी वापरली तर विषारी क्रोमियम संयुगं तयार होतात. त्याऐवजी साधं लोखंड वापरावं. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कधीही जाऊ नये.

कायद्याकडे बहुतेक जण काम संपल्यावर वळतात. वळायला हवं ते गाडी घेण्याआधी. मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम सांगतं की उत्पादकानं ठरवलेली आणि नोंदणी पुस्तकात आलेली माहिती बदलेल असा फेरफार गाडीत करता येत नाही; इंजिन बदलायचं तर नोंदणी अधिकाऱ्याची मंजुरी हवी. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये हाच अर्थ पक्का केला. म्हणून व्यवहाराआधी चॅसी क्रमांक स्वतःच्या डोळ्यांनी वाचावा, इंजिन क्रमांक आणि इंधन पुस्तकाशी ताडून पाहावं. पुस्तकात पेट्रोल आणि बॉनेटखाली डिझेल असेल तर तो प्रश्न किमतीच्या घासाघिशीनं सुटत नाही. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनंतर तपासणी करून दर पाच वर्षांनी वाढवावी लागते. २०२१ मध्ये आलेल्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूपातल्या गाडीला व्हिंटेज म्हणून 'व्हीए' अक्षरांचा क्रमांक मिळतो. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये आहे. पण तिच्या चॅसीत, बॉडीत किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा, आणि ती रोजच्या किंवा व्यापारी वापरासाठी नाही. इथे एक खरी अडचण आहे: ज्या बदलांना मी इतिहासाचा दाखला म्हटलं, त्यांना हा नियम अपात्रता मानू शकतो. नियम बदलण्याची मागणी व्हायला हवी. जुन्या काळी नोंदणी पुस्तकात रीतसर नोंदलेला इंजिनबदल मूळ रूपाचा भाग मानला जावा, ही वाजवी अपेक्षा आहे. तोवर मात्र कागदाशी खोटेपणा करू नये.

उरलेल्या आक्षेपांपैकी सर्वांत वजनदार पर्यावरणाचा आहे. जुनं इंजिन नव्याहून अधिक धूर सोडतं, यात वाद नाही. म्हणून अशी गाडी रोजच्या प्रवासाला वापरण्याचं समर्थन मी करणार नाही. महिन्यातून काही मोजक्या फेऱ्या हाच तिचा योग्य वापर. नीट बोअर केलेलं इंजिन आणि कॅलिब्रेट केलेला पंप यांनी धूर पुष्कळ कमी होतो, आणि तो कमी करणं हे दुरुस्तीचं अंग मानलं पाहिजे. काढलेलं तेल गटारात न ओतता पुनर्वापर करणाऱ्याला देणं, जुनी बॅटरी दुकानात परत करणं, हेही त्यातच आलं. इंधनाची नवी अडचण पेट्रोल जीपना आहे. वीस टक्के इथेनॉल असलेलं पेट्रोल जुन्या रबराच्या नळ्या, पंपाचा पडदा आणि कार्बोरेटरच्या पॅकिंगला झिजवतं, आणि उभ्या गाडीच्या टाकीत ओल ओढून गंज वाढवतं. इथेनॉल सोसणाऱ्या नळ्या आणि पडदा बसवणं, टाकी आतून साफ करणं आणि गाडी फार दिवस अर्ध्या टाकीवर उभी न ठेवणं हा त्यावरचा तोडगा. खर्चाच्या आक्षेपाला उत्तर देताना मात्र आढेवेढे घेऊ नयेत: घरची मजुरी धरली तर अशी जीप जवळजवळ कधीच फायद्यात पडत नाही. विकून नफा हे ध्येय असेल, तर माणूस आपोआप पुट्टी, चमक आणि नकली ताऱ्याकडे ओढला जातो. गाडी जपणं हे ध्येय असेल, तरच अदृश्य भागांवर पैसा घालण्याचं धैर्य येतं.

म्हणून माझा आग्रह शेवटी एका साध्या सवयीवर येतो: प्रत्येक दुरुस्तीची वही. गाडी उघडण्याआधीची छायाचित्रं, प्रत्येक थरातला रंग, कुठल्या भागावर कुठला क्रमांक आणि कारखान्याचं नाव कोरलं होतं, काय ठेवलं, काय बदललं, का बदललं, कुठल्या लेथवाल्यानं किती मापाचं बोअर केलं, आधीच्या मालकानं आणि मिस्त्रीनं काय सांगितलं. ही वही गाडीबरोबर पुढच्या मालकाकडे जावी. तिचा उपयोग गाडीपुरता नाही. गेल्या सत्तर वर्षांत महाराष्ट्रातल्या गॅरेजांनी जीपवर जे ज्ञान मिळवलं, कुठलं इंजिन कुठल्या बेलहाउसिंगला बसतं, कुठला पाटा किती भाराला टिकतो, ते जवळजवळ सगळं तोंडी आहे, आणि ते जाणणारे मिस्त्री म्हातारे होत आहेत. मोटारीचे अधिकृत इतिहास कारखान्यांचे असतात. वापरणाऱ्यांचे आणि दुरुस्त करणाऱ्यांचे फारसे लिहिले जात नाहीत. घरी जीप दुरुस्त करणारा माणूस त्या दोघांच्या मध्ये उभा आहे आणि त्याच्या हातात पाना आहे तशी पेन्सिलही असू शकते. त्यानं उंच बॉनेट उंचच ठेवलं, ब्रेक पक्के केले, कागद सरळ ठेवले आणि वही लिहिली, तर अशा शंभर अंगणांतून या देशातल्या जीपचा जो इतिहास जमेल, तो आज कुठल्याही संग्रहालयाकडे नाही.